कुठपर्यंत आलात?

बसा पाच मिनिटं. समुद्र काही सकाळपर्यंत आटत नाही. मी एवढंच विचारलं की डिकीत पाना आहे का, तर तुम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलात. वर ही धाकटी मला शहाणपण शिकवते, "काका, आता फोन केला की माणूस येतो." हो का? फोन केला की माणूस येतो. मग त्याचीच एक गोष्ट ऐका आणि खुशाल निघा. दार लोटून घे रे. वारा नको आत.

बत्तीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. लायसन्स हातात पडलं तरी, जोवर माणूस एकट्याने चाक बदलून दाखवत नाही, तोवर मी त्याच्याशी हात मिळवायचो नाही. लोक हसायचे, म्हातारा चक्रम आहे म्हणायचे. म्हणू देत.

माझ्या हाताखालून गेलेल्यांत एक नर्सबाई होती. आसपासच्या खेड्यांतल्या बाळंतपणांना रात्री-अपरात्री एकटी जायची, म्हणून छोटी गाडी घेतलेली. अंगाने किडकिडीत. पहिल्या दिवशी पान्याला अक्षरशः लोंबकळली, तरी नट हलला नाही. मी म्हटलं, "बाई, ताकद नको, पद्धत लागते." मग रीतसर शिकवलं. गाडी वळणावर थांबवायची नाही, रिमची वाट लागली तरी चालेल, सरळ रस्त्यावर, कडक सपाट जमिनीवर घ्यायची. चारही इंडिकेटर चालू. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, पंक्चर चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावायचे. मागे पन्नास पावलांवर लाल त्रिकोण. आणि जॅक लावायच्या आधी, आधी म्हणतोय मी, नट अर्धा अर्धा फेरा सैल करून घ्यायचे. लोक गाडी उचलतात आणि मग नटाशी झोंबतात. गाडी जॅकवरून घसरते ती तेव्हा. उचलल्यावर स्टेपनी गाडीखाली सरकवून ठेवायची, म्हणजे जॅकने दगा दिलाच तर गाडी तिच्यावर बसेल, तुमच्यावर नाही. बाईने सगळं वहीत उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने एकटीने चाक बदललं आणि काळेकुट्ट हात पुढे करून म्हणाली, "सर, आता मिळवा हात." मिळवला. माझा शर्ट खराब झाला त्या दिवशी.

आता दुसरा माणूस. आमच्या मागच्या गल्लीत राहतो, टायरच्या दुकानात फिटर आहे. खरं नाव कुणी घेत नाही, सगळे त्याला पक्कड म्हणतात. त्याने हात मिळवला की आपली बोटं मोजून घ्यावी लागायची. माणूस वाईट नव्हता हो, हे आधीच सांगतो. बायको लवकर गेली, मुलगी एकच, तिला त्यानेच वाढवली. ते राकट हात पोरीच्या वेण्या घालताना मात्र इतके हलके पडायचे की पोरगी बसल्या बसल्या झोपायची. जीव होता तिच्यावर. जगात त्याचं म्हणावं असं तेवढंच.

पण कामात एक खोड होती. दुकानात नट हवेच्या गनने बसवतात. घर्रर्र, झालं. गनने बसवावेत, पण शेवटचं आवळणं हाताने करावं, कारण रस्त्यावर ज्याला ते उघडायचे असतात त्याच्याकडे गन नसते. भिंतीवर पाटी होती तशी. पक्कड त्या पाटीखालीच उभा राहून गन चालवायचा, वर एक जादाचा झटका द्यायचा आणि म्हणायचा, "आता हत्ती आणा."

नर्सबाई तिथे नवे टायर घालायला गेली. म्हणाली, "भाऊ, शेवटचे हाताने आवळा. मला एकटीला उघडावे लागतात."

"ताई, तुम्ही कशाला उघडताय? आम्ही मेलोय का?"

"मग माझ्या पान्याने एकदा उघडून तरी बघू द्या."

"मागे रांग लागलीय ताई. हा घ्या दुकानाचा रात्रीचा नंबर. केव्हाही फोन करा, हजर." आणि प्रत्येक नटाला एक एक झटका जादा.

हे मला तिनेच सांगितलं, रस्त्यात भेटली तेव्हा. मी म्हटलं, "उद्या आण गाडी, मी सैल करून देतो." उद्या म्हणालो मी. माझा तो उद्या राहूनच गेला, आणि ते मला अजून टोचतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका बाळंतपणाहून परत येताना तिची गाडी बसली. पाणी चढवायच्या पंपाची खोली आहे ना, तिच्या पुढच्या वळणावर. टायर फाटूनच गेला होता, तरी बाईने गाडी वळणातून बाहेर काढायचा प्रयत्न केला होता. रस्त्यावर रिमचे ओरखडे होते. इंडिकेटर, दगड, त्रिकोण, सगळं शिकवल्याबरहुकूम. फक्त नट सुटेनात. तिने रात्रीच्या नंबरावर फोन केला. तो फोन पक्कडच्या उशाशी असायचा. तो म्हणाला, "निघालोच ताई. वीस मिनिटांत पोचतो." आणि कूस बदलून झोपला.

ती थांबली. किती वेळ ते कुणाला माहीत नाही. मग कंटाळून पान्यावर चढली असणार, कारण रस्त्याच्या बाजूचं चाक होतं आणि ती तिथेच सापडली. खडीचा डंपर आधी त्रिकोणावरून गेला, मग तिच्यावरून.

चौकशीत पक्कडने सांगितलं, फोन आला होता, पण रेंज नव्हती, काही कळलंच नाही, कट झाला. सगळ्यांना पटलं. आठ महिने त्याने खरं काय ते कुणाला सांगितलं नाही, लेकीलासुद्धा नाही. पुढचं जे आहे ते मला त्याने स्वतः सांगितलंय, माझ्या पायरीवर बसून. यात माझ्या पदरचं काही नाही.

गेल्या नोव्हेंबरची अठरा तारीख. मंगळवार. रात्री साडेदहाला पक्कड जेवून ताट धूत होता, तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या दोन आठवडे आधी. जावई जहाजावर. अ‍ॅम्ब्युलन्स तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली, यायला दोन तास तरी लागणार. आणि नर्सची जागा मार्चपासून रिकामी. ती का रिकामी, हे पक्कडला कुणी सांगायला नको होतं.

"घाबरू नका विहीणबाई. चाळीस किलोमीटर तर आहे. तासाभरात पोचतो आणि तिला दवाखान्यात नेतो."

लेकीने फोन ओढून घेतला. "बाबा, लवकर या."

"निघालोच बाळा."

दहा पन्नासला तो निघाला. चादर घेतली, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, दुकानाचा फोन सवयीने डॅशबोर्डवर ठेवला. चंद्र नव्हता. रस्ता मोकळा होता आणि गाडी छान चालली होती. त्याने मनातल्या मनात हिशोब केला, पावणेबारापर्यंत पोचू.

अकरा वीसला पंपाची खोली मागे पडली. वळण आलं. आणि मागचं चाक बसलं.

एकदम नाही. फस्स करून, सावकाश, कुणी हवा सोडावी तसं. स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. पक्कडने गाडी पुढे रेटायचा प्रयत्न केला, पण इंजिनच बंद पडलं, नेमकं वळणावर. परत चालू होईना. तो उतरला. जागा कुठली आहे ते त्याला कळत होतं. पण लेक वाट बघत होती, आणि चाक बदलणं म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा मळ. दहा मिनिटांचं काम, तो स्वतःशी म्हणाला, मोठ्याने.

इंडिकेटर चालू केले, दगड लावले. पाना लावला. दाब दिला.

नट हलला नाही.

पाना त्याचाच होता. हात त्याचेच. नटही त्यानेच बसवलेले, चारच दिवसांपूर्वी, स्वतःच्या गाडीला नवे टायर घालताना. गनने. वरून एक जादाचा झटका, सवयीने. दुकानात अशा वेळी तो पान्याला लांब पाइप अडकवायचा. पाइप दुकानात होता. तो पान्यावर उभा राहिला, उड्या मारल्या. पाना निसटला आणि नडगी फुटली. दुसरा नट. तिसरा. चौथा. एकही नाही.

मालकाला फोन केला, उचलला नाही. गाडीवाला एक मित्र होता, तो परगावी. त्या रस्त्याला रात्री दहानंतर कुत्रंही फिरकत नाही. लेकीचं गाव अजून बावीस किलोमीटर.

अकरा अठ्ठेचाळीसला डॅशबोर्डवरचा फोन वाजला. दुकानाचा. त्याला बरंच वाटलं, गिऱ्हाईक का असेना, माणूस तर आहे. त्याने उचलला.

"भाऊ, कुठपर्यंत आलात?"

बाईचा आवाज. शांत. जरा दमलेला.

"कोण... कोण बोलतंय?"

"मी थांबलेय वळणावर. त्रिकोण लावलाय मागे, दिसेल तुम्हाला."

फोन बंद झाला. पक्कडने मान वळवली नाही. आरशात बघितलं. मागे, पन्नासेक पावलांवर, रस्त्याच्या कडेला एक लाल त्रिकोण उभा होता. इंडिकेटर लागले की चमकायचा, विझले की दिसेनासा व्हायचा. पक्कडच्या गाडीत त्रिकोण नव्हता. कधीच नव्हता.

तो परत नटांना भिडला. तळहात सोलले गेले. पान्याचा दांडा ओला लागायला लागला. कशाने, ते त्याने बघितलं नाही.

बारा वाजून आठ मिनिटं.

"नट सुटत नाहीत हो भाऊ. पायाने उभी राहिले पान्यावर. कुठपर्यंत आलात?"

आणि पक्कडच्या तोंडून काय निघावं? "आलोच ताई."

आठ महिन्यांनी. मेलेल्या बाईला. सवय म्हणतात ती ही.

लगेच त्याचा स्वतःचा फोन वाजला. विहीणबाई. मागे लेकीचं ओरडणं ऐकू येत होतं. "अहो, कुठे आहात? पोरीच्या डोळ्यांपुढे अंधारी येतेय. मला एकटीला काही सुधरत नाहीये." तो म्हणाला, "वीस मिनिटांत पोचतो." म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बारा अठ्ठावीस. पुन्हा तोच फोन. त्याने वाजू दिला. थांबेना. उचलला.

"भाऊ... कुठपर्यंत आलात?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"भाऊ..."

"मी निघालोच नव्हतो, ताई." तो रडत होता. "मी झोपलो. खोटं बोललो तुम्हाला. मी कधी निघालोच नव्हतो."

पलीकडे श्वास नाही. वारा नाही.

मग ती म्हणाली, "बरं."

आणि मग, "मग आता मीच निघते."

फोन बंद.

पक्कड गाडीत शिरला. चारही दारं लावली. काचा वर. आरशात बघितलं. इंडिकेटर लागले, विझले, लागले.

त्रिकोण नव्हता.

मग चपला वाजल्या. रबरी चपला, डांबरावर. मागून. फट, फट... घाईत नाही. रोज चालणारं माणूस चालतं तशा. जवळ आल्या. डिकीपाशी. मागच्या चाकापाशी... थांबल्या.

तो सीटवर आडवा दबला होता. डोळे मिटलेले. जे करायचं असेल ते कर बाई, पण लवकर कर, एवढंच त्याच्या मनात.

पाऊल उचललं. काचेपाशी आलं.

आणि पुढे गेलं.

फट, फट... पुढे. लांब. आणखी लांब. ऐकू येईनासं झालं.

सुटलो, असं त्याला वाटलं. खोटं नाही सांगत, तोच म्हणाला मला, "मास्तर, मला हायसं वाटलं हो." दोन मिनिटं तो तसाच पडून राहिला. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. ती पुढे गेली. तो रस्ता पुढे एकाच गावाला जातो.

लेकीच्या.

तो वेड्यासारखा पळत सुटला. "ताई, मला न्या. ताई, तिला नको. तिचा काय दोष?" असं ओरडत. किलोमीटरभर पळाला असेल, दोनही असेल. रस्त्यावर कुणी नाही. फोन लावला, दोन्ही मेलेले. पाय गेले तेव्हा परत फिरला, पुन्हा नटांशी झोंबला. रात्रभर. हातांची सालटी निघाली. एक नट हलला नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी फटफटलं. त्याने उगीच, हरल्यासारखं, एका नटाला बोटं लावली.

नट फिरला. पाना नाही, काही नाही. दोन बोटांनी. चारही नट तसेच, बाटलीच्या झाकणासारखे हातात आले. गाडीही पहिल्या किल्लीला सुरू झाली.

सातच्या आत तो लेकीच्या दारात होता. दिवा चालू होता. उतरायची हिंमत होईना. आणि मग आतून बाळ रडलेलं ऐकू आलं. चांगलं खणखणीत.

विहीणबाई बाहेर आल्या. डोळे तांबारलेले, पण हसत होत्या. "अहो, किती हा उशीर. पण बरं झालं, तुम्ही कुठून तरी नर्सबाईंना शोधून पाठवलंत."

पक्कडने दाराची चौकट धरली.

"पाऊण वाजता आल्या. म्हणाल्या, तुमच्या व्याह्यांशी बोलणं झालं, त्यांना यायला वेळ लागेल. किती गुणाची बाई हो. नाळेचे दोन वेढे होते गळ्याला. दुसरं कुणी असतं तर पोर हाती लागली नसती. नात झाली तुम्हाला. मग मला म्हणाल्या, आई, तुम्ही चहा टाका, मी हिच्यापाशी बसते. बराच वेळ बोलत बसल्या दोघी, हळू आवाजात. चहा घेऊन गेले तर बाई गेलेल्या. दार कधी वाजलं, कळलंसुद्धा नाही."

तो आतल्या खोलीकडे गेला. लेक भिंतीला टेकून बसली होती, बाळ पदराखाली. तिने आधी त्याच्या हातांकडे बघितलं. मग तोंडाकडे.

"तिथेच थांबा, बाबा."

"बाळा..."

"त्यांनी तुम्हाला फोन केला होता ना? मार्चमध्ये."

त्याने हळूच मान डोलावली.

"काय सांगितलं होतंत त्यांना?"

खोटं त्याच्या जिभेवर आलं होतं. रेंज नव्हती. कट झाला. पण लेक त्याच्याकडे बघत होती आणि त्याला ते बोलता आलं नाही.

"वीस मिनिटांत येतो म्हणालो."

लेक रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मग बाहेर थांबा. वीस मिनिटं." आणि सासूला दार लावायला सांगितलं.

तो पायरीवर बसला. वीस मिनिटं झाली. तास झाला. दुपार झाली. दार त्याच्यासाठी उघडलं नाही. आजपर्यंत उघडलेलं नाही. दर मंगळवारी जातो बिचारा, पायरीवर बसतो, संध्याकाळी परत येतो. नातीचं रडणं ऐकलंय त्याने, हसणं ऐकलंय. तोंड बघितलेलं नाही.

माझ्यापाशी येऊन हे सगळं ओकला, तेव्हा ढसाढसा रडत होता. "मास्तर, तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं." मी पाण्याचा तांब्या पुढे केला. दुसरं काही केलं नाही. तुम्ही म्हणाल, काका, तुम्हाला दया नाही आली? आली, थोडी. पण या वयात खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. माझ्या हाताखाली शिकलेली बाई होती ती. मी शिकवलेलं सगळं तिने केलं होतं. एक त्याने करायचं होतं.

मला मात्र त्या घरात दार उघडतात. मी बाळ बघायला गेलो होतो. मायलेकी खुशाल आहेत, डॉक्टरने त्याच सकाळी तपासलं. नाळ इतकी नीट कुणी बांधली म्हणून चकित झाला तो. बाळाला पुसून काढताना त्याला उजव्या पायाच्या घोट्यावर काळं काहीतरी दिसलं. बाळ जन्मल्या जन्मल्या पाय धरून उचलतात ना, तिथे. चार बोटं आणि एक अंगठा. ग्रीसचे ठसे. बारीक, बाईमाणसाच्या हाताचे.

साबणाने गेलं नाही. तेलाने नाही, स्पिरिटने नाही. मी स्वतः ओलं फडकं घेऊन घासून बघितलं, तर पोर खुदकन हसली. फडकं पांढरंच राहिलं.

आता दहा महिन्यांची झालीय, घरभर रांगते. भर उन्हाळ्यातसुद्धा तिच्या दोन्ही पायांत मोजे असतात.